हात पोचत नाही ती जागा

घर असो वा यंत्र, माणसाने घडविलेल्या प्रत्येक वस्तूत एखादी जागा अशी राहून जाते की, जिथे हात सहजी पोचत नाही. कौलारू घराच्या आढ्याजवळचा वासा, विहिरीच्या काठाखालचा चिरा, भिंतीला लावून ठेवलेल्या जड कपाटामागची ओल या गोष्टी आपण रोज पाहात नाही आणि रोज पाहात नाही म्हणूनच त्यांच्याविषयी निर्धास्त असतो. वासा कुजतो, चिरा निखळतो, ओल भिंतभर पसरते, तेव्हा कुठे आपण कपाट सरकवितो. गेल्या वर्षी आम्हां उभयतांना एका जुन्या कॅम्पर व्हॅनच्या इंजिनातील अशाच एका जागेपर्यंत जावे लागले. त्या निमित्ताने जे दिसले आणि जे मनात आले, ते या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचे लहानसे घर. आत घडीचा पलंग, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची छोटी टाकी आणि उभे राहता यावे म्हणून वर उचलता येणारे छप्पर एवढाच त्याचा संसार. आमची गाडी फोक्सवॅगन जातीची, १९७३ सालची. या जातीचा उगम एका साध्या रेखाटनात आहे. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत, मागे इंजिन असलेल्या एका चौकोनी गाडीचे चित्र काढले. १९५० साली तशा गाड्या बनू लागल्या. १९६७ साली तिची दुसरी पिढी आली आणि हीच पिढी, थोडेफार बदल होत होत, ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत तयार होत राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य तरुण-तरुणी याच गाड्या हाकीत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून भारतात येत आणि त्यांतील कित्येक गाड्या गोव्याच्या किनाऱ्यावर विसावत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला.

वसईहून इंग्लंडात आल्यावर, मुले लहान असताना आम्ही ही गाडी दुसऱ्यांच्या हातून घेतली. हॉटेलाचा खर्च परवडत नसलेल्या कुटुंबाला तिने बरेच जग दाखविले. नॉरफोक परगण्यातील वॉल्सिंगहॅमच्या माउलीच्या यात्रेला आम्ही अनेकदा तिच्यातून गेलो. तेथे स्लिपर चॅपल नावाचे जुने मंदिर आहे. पूर्वीचे यात्रेकरू त्या ठिकाणी पादत्राणे उतरवून शेवटचा मैल अनवाणी चालत. आमच्या मुलांनी तो मैल पावसात चालून, चिखलाने माखलेल्या पायांनी गाडीत चढून, आतल्या शेगडीवर उकळलेला चहा प्यायला आहे. एकदा आम्ही थेट लूर्दपर्यंतही जाऊन आलो. गाडीच्या पत्र्यापेक्षा या आठवणींचे वजन अधिक असावे.

परंतु वाहनाला चालक लागतो. आम्हा दोघांपैकी जो ती चालवीत असे, त्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू उतरला. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे चालकाला वीस मीटरवरून दुसऱ्या गाडीची नंबरपट्टी वाचता आली पाहिजे. तो दिवस फार दूर नाही की, ती वाचता येणार नाही, असे डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळले. दुसऱ्याने ही जड गाडी कधी हाती घेतलीच नव्हती. तेव्हा ती विकण्याचे ठरले. आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण जोडप्याला ती हवी होती. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. किंमत ठरली, दिवसही जवळजवळ ठरला. राहिला होता तो एक वास.

थंडीत हीटर चालू केला की, गाडीत जळक्या तेलाचा मंद वास येई. तो कुठून येतो हे समजण्यासाठी त्या इंजिनाची रचना थोडी सांगावी लागेल. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. चार सिलिंडर जमिनीला समांतर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे पसरलेले असतात. पत्र्याच्या मोठ्या कवचात बसविलेला पंखा त्यांच्यावर हवा फुंकून त्यांना थंड ठेवतो. उरलेली उष्णता इंजिनाचे तेल वाहून नेते. हे तेल जेमतेम अडीच लिटर, म्हणून त्याला गार करण्यासाठी पंख्याच्या हवेच्या मार्गात एक छोटा ऑईल कूलर उभा केलेला असतो. जुन्या रचनेत हा कूलर तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरच्या बरोबर वर, पंख्याच्या कवचाच्या आतच असे. त्या सिलिंडरला कूलरमधून तापून आलेली हवा मिळे आणि सर्वांत आधी झडप जळायची ती बहुधा त्याचीच. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर थोडा बाहेर, स्वतंत्र कप्प्यात नेला गेला. सिलिंडरचे दुःख कमी झाले, पण कूलर हाताला येईना तो येईनाच.

कूलर आणि इंजिन यांच्या सांध्यात रबराची लहान लहान सील असतात. बोटाच्या पेराहून ती फार मोठी नसतात. तापणे आणि निवणे यांच्या हजारो फेऱ्यांनंतर रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि तेल पाझरू लागते. ते तेल सिलिंडरांच्या पात्यांवर उतरते, तेथे धूळ पकडते, धुळीचा थर हवेला अडवितो आणि जे इंजिन हवेवरच जगते, त्याचा श्वास कोंडू लागतो. काही तेल तापल्या पत्र्यावर जळते आणि त्याचा वास हीटरच्या वाटेने आत येतो. सील चहा-पावाच्या किमतीची वस्तू. तिच्यापर्यंत पोचायचे तर मात्र पंख्याचे कवच उचलले पाहिजे. कवच उचलायला वर जागा नाही, म्हणून सबंध इंजिनच गाडीतून खाली उतरविणे भाग. गॅरेजमध्ये चौकशी केली, तेव्हा मजुरीचा आकडा सीलच्या किमतीच्या कित्येक पटींनी मोठा निघाला. त्यात नवल नाही. पैसे वस्तूचे नसतात, वाटेचे असतात.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. एका स्नेह्यांनी सुचविले की, इंजिन वरून स्वच्छ धुवावे, तेलाची पातळी भरून ठेवावी आणि विक्रीच्या दिवशी हीटर लावू नये. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पन्नास वर्षांच्या गाडीकडून कोण काय अपेक्षा करणार, असा त्यांचा रोख होता. कायद्याचीही फारशी अडचण नव्हती. खासगी माणसाने खासगी माणसाला जुनी गाडी विकताना खोटे बोलू नये एवढे खरे, पण जे विचारले नाही ते सांगण्याचे बंधन इंग्लंडचा कायदा सहसा घालीत नाही. शिवाय मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना तेथे वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. म्हणजे ही गाडी उचलून तिच्या पोटाखाली पाहणारा कोणी अधिकारीही आता उरला नव्हता. ज्या जागी हात पोचत नाही, त्या जागी कायदाही पोचत नव्हता.

सातवी आज्ञा चोरीस मनाई करते हे आपण बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे, अशी तेव्हा आपली समजूत असते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलोजिए’ या ग्रंथात याच प्रश्नाची फार बारकाईने चर्चा केली आहे. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगणे बंधनकारक आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे उत्तर व्यवहारी माणसालाही पटावे असे आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विकणाऱ्याने तो बोलून दाखविलाच पाहिजे असे नाही, कारण घेणाऱ्याला डोळे आहेत. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होण्याचा किंवा त्याला धोका पोचण्याचा संभव असेल, तर तो न सांगता विकणे हे पाप आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून, पडायला आलेले घर भक्कम म्हणून, नासलेले अन्न चांगले म्हणून विकावे, तसे ते होय. मग व्यापाऱ्याने बाजारात दवंडी पिटवून आपल्या मालाची निंदा करावी काय? तसेही नाही, असे ते म्हणतात. दवंडीने सर्वच गिऱ्हाइके बिथरतील आणि वस्तूचे गुणही झाकले जातील. जो प्रत्यक्ष घ्यायला येईल, त्याला मात्र सांगावे.

घोड्यांच्या काळातील हा विचार इंजिनालाही लागू पडतो. दोष किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे याला येथे महत्त्व आहे. पत्र्यावरचा ओरखडा घेणारा स्वतःच पाहू शकतो. पंख्याच्या कवचामागची गळती तो पाहू शकत नाही. तिथे त्याचे डोळे म्हणजे आपणच. आम्ही त्या जोडप्याला बोलावून वासाचे कारण सांगितले आणि सील बदलूनच गाडी देऊ असेही सांगितले. सांगून टाकल्यावर किंमत कमी करून मोकळे होता आले असते. तथापि लहान मुलगी असलेल्या कुटुंबाने येताच इंजिन उतरविण्याच्या खटपटीत पडावे, हे मनाला पटेना.

काम चार शनिवार चालले. धर्मग्रामातील एका सुतार मित्राने चाकांचा जॅक आणि भक्कम स्टँड आणून दिले. प्रथम बॅटरीची तार सोडली, मग पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बंद केले. एअर क्लीनर, कार्ब्युरेटरच्या आणि डायनामोच्या तारा, हीटरच्या नळ्या, एकेक वस्तू काढावी, तिला चिठ्ठी बांधावी, डब्यात ठेवावी. ॲक्सिलरेटरची केबल तर पंख्याच्या कवचाला आरपार भेदून जाते, तीही ओढून घ्यावी लागली. उतरविताना जो क्रम पाळला, त्याच्या बरोबर उलट क्रमाने पुढे सारे चढवायचे असते. म्हणून काढण्याचे काम घाईचे नसते, ते पाठांतराचे असते.

इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी जखडलेले असते. खालचे दोन नट सहज सुटले. वरच्या दोहोंपैकी उजवीकडचा बोल्ट स्टार्टरलाही धरून ठेवतो. त्याचे डोके इंजिनाच्या बाजूस, पंख्याच्या कवचामागे, आणि नट दुसऱ्या बाजूस, गाडीच्या पोटाखाली. डोके एका अंगाने सपाट कापलेले असते. ती सपाट बाजू इंजिनाच्या कवचाला टेकून राहते, म्हणजे नट फिरविताना बोल्ट फिरू नये, अशी मूळ योजना. पन्नास वर्षांत ती कड झिजली होती. नट फिरविला की बोल्टही गुमान त्याच्याबरोबर फिरे. एका माणसाने करावयाचे काम आता दोघांचे झाले.

आम्हा दोघांत जिचा हात लहान ती वर उभी राहिली आणि तिने कवचामागच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. वसईच्या वाडीत पानवेलीची पाने खुडून त्यांच्या कवळ्या बांधण्यात त्या हाताचे बालपण गेले होते. कोवळे पान कोणते आणि जून कोणते हे त्या बोटांना न पाहता कळत असे. दुसरा गाडीखाली पाठीवर आडवा झाला, सतरा नंबरचा पाना नटावर बसविला आणि वाट पाहू लागला. वरच्याला खालचा दिसत नव्हता, खालच्याला वरचा दिसत नव्हता आणि बोल्ट तर कोणालाच दिसत नव्हता.

“धरलंस का?”

“थांबा, पाना निसटतोय... हं, धरलं. आता फिरवा. हळू.”

डोळे अधू झालेल्या माणसाला त्या जागी काहीच कमी पडले नाही, कारण तिथे धडधाकट डोळ्यांनाही काही दिसत नाही. त्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांचे जितके ऐकले तितके गेल्या कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. काचबिंदूचे निदान झाल्यापासून घरात एक प्रकारचे मौन शिरले होते. एकाला भीती बोलून दाखवायची नव्हती, दुसऱ्याला ती विचारायची नव्हती. बोल्टाने मात्र बोलायला लावले. नट सैल झाला तेव्हा वरून विचारणा झाली, “सुटला?” खालून उत्तर गेले, “सुटला.” आणि मग, पाना खाली ठेवण्यापूर्वी, त्याच अंधारातून डोळ्यांविषयीही दोन शब्द बोलले गेले. समोरासमोर ते बोलणे जमले नसते.

इंजिनाचे वजन सुमारे ११० किलो. ते जॅकवर तोलून आधी सरळ मागे, दहाएक सेंटीमीटर, ओढावे लागते. गिअरबॉक्समधून आलेला दांडा क्लचमधून पूर्ण मोकळा झाला की मगच खाली उतरवायचे. तिरके ओढले तर दांड्यावर भार येतो आणि क्लचची तबकडी बिघडते. ते खाली आले, गाडीच्या मागून बाहेर सरकले आणि कवच उचलताच कूलर दिसला. सील काळी ठिक्कर आणि काचेसारखी कडक झाली होती. नखाने दाबताच एकीचा तुकडा पडला. नवी बसविण्याचे प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे.

त्या शनिवारी आमचे काम खरे तर संपायचे. पण इंजिन बाहेर असल्यामुळे, एरवी कधीच न दिसणारी एक भिंत समोर उघडी पडली होती. या गाडीत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढे, गिअरबॉक्सच्या वर, एका पत्र्याच्या पडद्याआड बसविलेली असते. टाकीतून निघणारी रबरी नळी त्या पडद्यातून इंजिनाकडे येते. पडद्याच्या अलीकडचा तिचा भाग दिसतो आणि तो वेळच्या वेळी बदललाही जात होता. पलीकडचा तुकडा इंजिन उतरविल्याखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आम्ही पडद्याचे स्क्रू काढले. नळी जराशी वाकविली आणि तिच्या अंगभर भेगा उमटल्या. कोरड्या तळ्यातील मातीला पडतात तशा. बोटांना पेट्रोलचा वास लागला.

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि जुन्या घडणीच्या रबराला ते मानवत नाही. टाकी उंचावर असल्यामुळे नळी फुटली तर पेट्रोल आपसूक खाली येणार, तेही तापल्या इंजिनावर. या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे. ते एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. आणि वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या गाडीतील घडीचा पलंग पसरला की, त्याचा मागचा भाग बरोबर इंजिनाच्या वर येतो. तेथे आमची मुले झोपत असत. पुढे ती चार वर्षांची मुलगी झोपणार होती.

आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही. आलो होतो तेलाच्या डागासाठी. तो डाग धुऊन टाकला असता तर जे खरोखर भयंकर होते, ते झाकलेलेच राहिले असते आणि वरून स्वच्छ दिसले असते. लहान दोषाचा पाठपुरावा प्रामाणिकपणे केला की वाटेत मोठा दोष भेटतो, हा अनुभव कुमसारास बसणाऱ्यांना नवा नसावा. माणूस चिडखोरपणाची कबुली द्यायला जातो आणि गुडघे टेकल्यावर त्याला कळते की, चिडखोरपणाच्या मागे एक जुना, न मिटलेला द्वेष आहे. आधी वाट मोकळी करावी लागते, दर्शन नंतर घडते.

इथेनॉल सोसणारी नवी नळी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत घातली, क्लिपा नव्या लावल्या, क्लचचे बेअरिंग आणि फ्लायव्हीलमागचे तेलाचे सीलही, इंजिन बाहेर आहे तोवर, बदलून घेतले. चौथ्या शनिवारी इंजिन पुन्हा वर गेले. झिजलेल्या बोल्टाच्या जागी नवा घातला. आता तो एकट्यालाही सोडविता येईल. रविवारी मिस्साला गेलो तेव्हा चौघा हातांची नखे काळी होती. परमप्रसाद घेण्यासाठी पुढे केलेले ते तळवे पाहून धर्मगुरूंनी किंचित स्मित केले, विचारले काही नाही.

गाडी देताना आम्ही त्या जोडप्याला जुन्या नळीचा तुकडा दिला, म्हणजे ही नळी किती वर्षांनी बदलायची याचा विसर पडू नये. दुसऱ्या गिअरला जरा थांबून घालावे लागते, डाव्या पायरीखाली गंज धरला आहे, पावसात छपराच्या एका कोपऱ्यातून थेंब येतो, हेही सांगितले. तरुणाने नळीचा तुकडा हातात वाकवून पाहिला आणि न बोलता आपल्या पत्नीकडे दिला. तिने तो बराच वेळ हातात धरला. मग तिने एवढेच विचारले की, पुढच्या वेळी इंजिन उतरवायचे झाल्यास आम्ही शेजारी येऊन बसू काय. आम्ही होकार दिला आहे.

आपले बहुतेक जगणे अशा जागांच्या भरवशावर चालते, जिथे आपला हात कधीच पोचणार नाही. ज्या गवंड्याने पाया भरला तो आपल्याला ठाऊक नसतो. औषधाची मात्रा मोजणारा हात आपण पाहात नाही. आपल्या मुलांना दुसऱ्याच्या घरी कोण काय शिकविते, तेही आपल्याला कळत नाही. त्या त्या जागी कोणीतरी, कोणी पाहात नसताना, पाना नीट बसविला म्हणून आपण रात्री निश्चिंत झोपतो. ईश्वर गुप्त जागी पाहतो, असे आपण श्रद्धेने म्हणतो. ते म्हणताना बहुधा आपल्या मनात भीती असते. पण ज्याने अंधारात, न दिसणाऱ्या बोल्टावर, दुसऱ्या कोणाच्या लेकरासाठी काम केले आहे, त्याला त्या वाक्यात भीतीपेक्षा सोबतच अधिक जाणवेल.